दुधाची रेघ

शेवटची फेरी धक्क्याला लागली की मी दोर गुंडाळते
आणि डिझेलचा वास अंगावर घेऊन नादूरचा चढ चढते.
आत सिल्व्यू झोपलेला, त्याची आत्या झोपलेली.
परसात चार कोंबड्या एका दांडीवर, एकमेकींना खेटून,
आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात करडी सशीण
स्वतःच्या पोटाची लव उपसते आहे,
उशी उसवावी तशी, तोंडभर, तोंडभर.

पहाटे सिल्व्यूने मला हलवलं. "मा, सात!"

सात. अंगठ्याएवढी, उघडी, डोळे शिवून टाकलेली.
एक गवताबाहेर पडलेलं, गार.
शेजारचे विस्तीन दगडी कुंपणावरून म्हणाले,
"गार आहे म्हणजे मेलं असं नाही.
ऊब देऊनही हललं नाही, तरच मेलं."
मी ते गणवेशाच्या आत, काखेशी धरलं
आणि तशीच चहा टाकायला गेले.
दुसऱ्या उकळीला ते वळवळलं.

"नावं मात्र ठेवू नकोस," विस्तीनने बजावलं,
"नाव ठेवलेलं लसूण-वाइनमध्ये शिजत नाही."
सिल्व्यूने नावं ठेवली नाहीत, आकडे ठेवले.
तिसऱ्या दिवशी आकड्यांनाच लाडाने हाका मारू लागला.

आणि त्याच दुपारी तांबडी,
जी त्याच्या तळहातावरून दाणे टिपायची, तीच,
सुटलेल्या जाळीतून आत घुसली
आणि पाचला चोचीत धरून पळाली,
गांडूळ घेऊन पळावं तशी,
मागे बाकीच्या तिघी, वाटा मागत.

मी बोटीवरची तार आणून जाळी शिवली.
तारेवर माझा राग नव्हता, म्हणून नीट शिवता आली.
सिल्व्यू त्या दिवसापासून अंडं खाईना,
तांबडीशी बोलेना.
मोजताना चारनंतर थोडा थांबतो,
मग सहा म्हणतो.

आता त्याचं सगळं लक्ष सशिणीवर.
"ती त्यांच्याजवळ जातच नाही, मा.
दिवसभर पाठ करून बसते. तिला नकोच आहेत ती."
शेळीचं दूध कोमट करून, औषधाचा ड्रॉपर धुऊन
तो तयारच होता. विस्तीनने त्याचा हात धरला.
बायकोच्या जुन्या शिवणाच्या डब्यातून
लाल दोऱ्याचे दोन तुकडे आणले,
घरट्याच्या लवेवर फुलीसारखे ठेवले.
"हात लावू नकोस. उद्या बघ."

उद्या दोरे विसकटलेले.
विस्तीनने तीनला उचलून उजेडात धरलं.
पातळ कातड्यातून, बरगड्यांखाली,
पांढरी रेघ. दुधाची.

"कधी आली?"
"अंधारात. तीन-चार मिनिटं. तेवढं पुरतं."
"मग दिवसा का नाही?"
"वासावर उंदीर येतात रे.
ती लांब बसते, म्हणून ही जगतात."

सिल्व्यूने तीनला परत ठेवलं. काही बोलला नाही.
मी बाराच्या फेरीसाठी बूट चढवत होते,
तेही बघत राहिला.

सहाही जणांचे डोळे उघडले त्या रात्री
वाऱ्याने बोट उशिरा सुटली, दीड वाजला.
मी खोलीत वाकले, आणि थबकले.
त्याच्या गोधडीवर, छातीच्या जागी,
लाल दोऱ्यांची फुली.

मी हात धुऊन आले. डिझेल तसं जात नाही.
मग त्याच्या कपाळावर ओठ टेकले
आणि जाता जाता दोरे
चांगले विसकटून ठेवले, शंका उरायला नको.

सकाळी अर्धवट झोपेत परसातून ऐकू आलं.
आठ दिवसांचा अबोला मोडून
तो तांबडीला सांगत होता,
"रोज येते. माझ्याकडे पुरावा आहे. हा बघ."
मग एकदम धावपळ, पंखांची फडफड,
आणि त्याची आरोळी:
"मा! हिने दोरा गिळला!"