पायऱ्या कुणाच्या

विएनोचा खुबा मोडला
सौनातून तळ्याकडे उतरणाऱ्या तिसऱ्या पायरीवर.
विमा कंपनीने एका ओळीत विचारलं:
पायऱ्या कुणाच्या?

लाकूड आउलिसच्या रानातलं.
खिळे ठोकले त्या रात्री कंदील मी धरला होता.
भट्टी बंद पडलेल्या शाळेतून आणली,
ट्रॅक्टरचं भाडं कुणी दिलं, आठवत नाही.
तीस वर्षं आम्ही एकाच वाफेत उघडे बसलो
आणि कायद्याने डोकावून पाहिलं
तर आत कुणीच नव्हतं.

फेब्रुवारीत बैठक. अकरा माणसं, एक किटली,
कुओपिओहून आलेली तरुण वकीलबाई.
तिने ओले मोजे चुलीपाशी वाळत घातले.
तेव्हाच ती आम्हाला पटली.

कंपनी करा, म्हणाला राउनीचा जावई,
ज्याचे शेअर जास्त, त्याचं चालेल.
म्हणजे वरच्या फळीवर कोण बसणार
ते आता पाकीट ठरवणार? आउलिस उठलाच.
(ज्याला धग सोसते तो वर, एवढाच आमचा नियम.)

सहकारी संस्था?
एक माणूस एक मत, ते बरं.
पण तिच्या वहीत नफ्याचा रकाना असतो,
आमच्याकडे उरते ती राख.
न्यास करावा, तर भांडवल हवं,
आणि न्यासाला सभासद नसतात.
"मग भांडायचं कुणाशी?"
हिल्क्का खरंच काळजीत पडली.

राहिलं मंडळ.
एकदा नोंदलं की कायद्याला तो एक माणूसच,
वकीलबाई म्हणाली. पायऱ्या त्याच्या, कर्ज त्याचं,
कुणी घसरलं तर दावा त्याच्यावर.
घाम न येणारा बारावा माणूस
आमच्यात येऊन बसला.
कॉफी मात्र अकरा कपच.

शेवटचं कलम: मंडळ बुडालं तर
शिल्लक कुणाला?
जो तो आपली बादली घरी नेईल, आउलिस म्हणाला.
तसं चालत नाही. वाटून घेता येत नाही.
असंच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल.

बराच वेळ फक्त चूल बोलत होती.
शाळा गेली. दुकान गेलं.
अकरांतल्या सात जणांची सत्तरी उलटलेली.
विएनोने कुबडीने खिडकीबाहेर दाखवलं,
तळ्यापलीकडचा दिवा.
जाळ्यांच्या भांडणापासून सत्तावीस वर्षं
त्यांच्याशी आमचा शब्द नाही.
लिही, ती मला म्हणाली.
मी लिहिलं.

विम्याचं उत्तर मार्चमध्ये आलं:
आपण पडलात त्या दिवशी
मंडळ अस्तित्वात नव्हतं.
विएनो इतकी हसली की खुबा दुखला.

एप्रिलमध्ये पायऱ्यांना कठडा बसला.
बिल मंडळाच्या नावाने.
सुताराने एक अक्षर चुकवलंय.
तसंच फाइलला लावलं.