बारा दहाचं विमान

रेडिओवरची बाई रोज सांगायची:
मॉस्कोत दुपारचे तीन,
पेत्रोपाव्लोव्स्कमध्ये मध्यरात्र.
चाळीस वर्षं बाबांनी हे ऐकलं
मासळीच्या कारखान्यात,
डबे बंद करणाऱ्या यंत्राला तेल घालता घालता,
आणि चाळीस वर्षं म्हणत राहिले,
त्या बाईला कुणीतरी सांगा रे,
आमच्याकडेही अधूनमधून दुपार होते.

मी मॉस्कोत घर घेतलं
तेव्हा कुठे त्यांनी तिकीट काढलं.
सहा हजार आठशे किलोमीटर.
आठ तास पन्नास मिनिटं.
निघणार बारा दहाला,
पोचणार बाराला.
तिकीट घेऊन परत गेले खिडकीवर.
"पोरी, छापताना चुकलंय.
निघायच्या आधी दहा मिनिटं
माणूस पोचेल कसा?"
ती मान वर न करता म्हणाली,
पोचतात, आजोबा. रोज पोचतात.

मग इर्कुत्स्कला फोन, प्रोखोरकाकांना.
पंचवीस वर्षं भेट नव्हती दोघा भावांची.
आधी पैसे नव्हते,
मग एका बोटीच्या इंजिनावरून भांडण होतं,
मग भांडण विसरलं, तर गुडघे आड आले.
बाबांनी कॅलेंडरच्या पाठीवर
काळ-काम-वेगाचं गणित मांडलं,
दोनदा ताळा केला:
"प्रोशा, बरोब्बर बाराला अंगणात ये.
तुझ्याकडेही तेव्हा बाराच असतील, गंमत बघ.
डाव्या खिडकीशी आहे मी.
हात करीन."

सूर्य हलला नाही म्हणे वाटेत.
दोनदा जेवण आलं, दुपार तीच.
खाली बर्फ, बर्फात वळवळणाऱ्या नद्या,
ना जंगल, ना बैकालचं पाणी.
हवाईसुंदरीनं पडद्यावरची रेघ दाखवली,
कमानीसारखी वर गेलेली.
इर्कुत्स्क दोन हजार किलोमीटर खाली.
"एवढा वळसा कशाला?"
वळसा नाही, काका, हाच जवळचा रस्ता.
त्यानंतर मॉस्कोपर्यंत
बाबांनी चहासुद्धा मागितला नाही.

घरी आल्यावर कोट न काढताच
मित्याचा शाळेचा पृथ्वीगोल घेऊन बसले.
माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा,
एक टोक अंगठ्याखाली कामचत्कावर,
दुसरं मॉस्कोवर. ओढला.
दोरा आपसूक घसरत वर गेला, बर्फावर.
पुन्हा ओढला. पुन्हा वर.
"ताणला की निसटतो," ते म्हणाले,
"सैल सोडला तरच
प्रोशाच्या घरावरून जातो."

एवढ्यात फोन वाजला.
"येफिम! दिसलास रे!
एवढंसं, पांढरं, टाचणीएवढं!
टॉवेल हलवला मी, लिदिया हसत सुटली,
शेजाऱ्याचं कुत्रं भुंकून भुंकून दमलं.
मी दिसलो का तुला?"

बाबांनी दोऱ्याकडे पाहिलं.
"दिसलास की.
निळा टॉवेल."

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.
"हिरवा होता रे."

"उन्हात काय कळतंय
एवढ्या उंचावरून."

"तेही खरंच," काका म्हणाले.
मग दोघं बराच वेळ
त्या इंजिनाबद्दल बोलत राहिले.

मी चहा घेऊन आले तेव्हा
बाबा खुर्चीतच झोपले होते,
बोटाला दोरा गुंडाळलेला,
मनगटावर अजून तिकडचं घड्याळ.
बाहेर लख्ख ऊन. तीन वाजत होते.
मी पडदे ओढून घेतले.