टिटवीच्या नावावर

उद्यमनगरात पिवळं मशीन आलं तेव्हा
माझ्या लेथवर एक बुश अर्धा उरला होता.
रंगराव पोवार खाली उतरला. म्हणाला,
"सरळ सोडलं तरी डावीकडंच ओढतंय,
जणू तिकडं सासरवाडी हाय."

दस्तगीर मेस्त्रींनी चहाचा ग्लास खाली ठेवला नाही,
मोकळ्या हातानं नुसती खूण केली: बकेट टेकव.
बकेट मातीत रुतली
आणि पुढची दोन्ही चाकं अधांतरी झाली,
म्हातारी बाई हात टेकून उठते तशी.
टायरखाली पहार घातली. उचकटली.
खट्.
पुन्हा. खट्.
"दात हलतोय," मेस्त्री म्हणाले. "काढावा लागणार."

हबचं बूच सोडलं, तर तेल आलं ताकाच्या रंगाचं,
त्यात खाणीतलं पाणी,
आणि मधूनच पिवळी कणी चमकायची:
तो बुश होता, तीन वर्षांचा, वितळून नव्हे,
घासून घासून
तेलात उतरलेला.

किंगपिन मात्र निघेना.
घण, पहार, ब्लो लॅम्प,
मेस्त्रींच्या तोंडची दोन जुनी विशेषणं,
आणि दुपारी तीनला ती सुटली.
मी पुसून मायक्रोमीटरला लावली.
चाळीसची पिन. एका अंगाला चाळीस,
दुसऱ्या अंगाला एकोणचाळीसच्याही आत.
बोट फिरवलं की कळतं, कुठं सारखं दाबलंय कुणी.

रंगराव जरा थांबला, मग म्हणाला,
"उचगावच्या खाणीत उजव्या हाताला
टिटवीनं मुरुमातच अंडी घातली होती. चार.
खडे कुठले, अंडी कुठली, कळत न्हवतं.
तवापास्नं मी वळलो ते डावीकडंच."

मी लेथ बंद केला. 
गल्लीतल्या इतर लेथांची घरघर तेवढी राहिली.
मला वाटलं, झालं, पिनीनं सगळं सांगितलं.

मेस्त्री नाकावरचा चष्मा वर करत म्हणाले,
"अंडी फुटून पिल्लं उडायला किती दिस लागतात रं?
महिना, दोन महिने. 
पिन तीन वर्षांची हाय.
टिटवीच्या नावावर बिल फाडू नगंस."
आणि खालच्या ग्रीस निपलला काडी घातली:
मुरुम. घट्ट, भट्टीतल्या विटेसारखा.
ग्रीस गन मारली जायची रोज, नेमानं,
ग्रीस बाहेरच्या बाहेर ओघळायचं,
रंगराव फडक्यानं पुसून टाकायचा
आणि समाधानानं डायरीत टिक करायचा.

तो काही बोलला नाही. निपल हातात घेऊन
उजेडाकडं धरून बघत राहिला, 
भोकातून आभाळ दिसतंय का ते.

रात्री मी गनमेटल खरडलं.
सोनेरी कातरण पायाशी, चपलांत, पदराच्या गाठीत.
सकाळी उसाच्या गाड्यावरून बर्फ आणला,
बुश त्यात पुरला, इकडं हाऊसिंग तापवलं,
आणि बुश आत गेला
एका ठोक्यात, कुरकुर न करता.
शिम एक, शिम दोन, एक काढून पुन्हा,
फिलर गेज सरकेना तिथं मेस्त्री थांबले.
सील नवं. तेल नवं. निपल नवं, वर रबराची टोपी.
पहार घातली. उचकटली.
काही नाही.
ते काही नाहीच ऐकायला आम्ही तिघं वाकलो होतो.

मशीन फाटकातून निघालं आणि उजवीकडं वळलं.
तिकडं खाण नाही, महामार्ग आहे,
मुद्दाम वळला की काय, विचारलं नाही.

जुनी पिन भंगारात गेली नाही.
तिचं एक टोक मी निमुळतं केलं,
पुढची अडकलेली पिन
आता हिच्याच डोक्यावर घण घालून बाहेर निघते.
झिजलेली बाजू अंगठ्याखाली येते,
पकडायला बरी पडते.