सत्तावीस वाव

याकूब सोलकरचं जाळं सत्तावीस वावांवर अडकलं,
फाटलं, आणि वर आला एक काळा खुंट,
मुळांसकट.
मी मुसाकाजीच्या धक्क्यावर हिशेब लिहितो.
बांगडा तीन टोपल्या, सुरमई नाही,
खुंट एक.

पंधरा दिवस तो बर्फाच्या शेडमागे पडून होता.
लोकांनी त्यावर पाय ठेवून चिखल धुतला.
मग दगडमातीचा अभ्यास करणारी एक मुलगी आली,
नखाएवढा तुकडा कापून घेऊन गेली,
आणि पावसाळा उलटल्यावर फोन केला:
तिवराचं झाड आहे, काका. अकरा हजार वर्षांपूर्वीचं.

तिवर म्हणजे खाडी. खाडी म्हणजे काठ.
म्हणजे आपला काठ तेव्हा तिथं होता
जिथं रात्री मोठ्या जहाजांचे दिवे दिसतात,
दोन दिवसांची चाल, मावळतीकडे.
उरलेलं पाणी उत्तरेत कुठंतरी बर्फ होऊन थिजलेलं.

आणि त्याच्याही कितीतरी आधी
कुठल्याशा आटत चाललेल्या तळ्याकडून
माणसं निघाली
(निघाली म्हणजे काय, बोचकं कुणीच बांधलं नव्हतं)
एका खडपावरची कालवं संपली
की पुढच्या खडपावर.
पोरानं बापाच्या चुलीपासून हाकेवर चूल मांडली,
त्याच्या पोरीनं आणखी एक हाक पुढं.

मग समुद्र चढू लागला,
एका जन्मात दिसेल न दिसेल इतका.
कुणी म्हणालं असेल, माझ्या लहानपणी इथं पाणवठा होता.
कुणी विश्वास ठेवला नसेल.

वर सड्यावर जांभ्यात कोरलेला गेंडा आहे.
त्याच्या पाठीत साचलेलं पाणी गुरं पितात.
आमच्याकडे गेंड्याला शब्द आहे, गेंडा नाही.
ज्यानं कोरला त्यानं तो पाहिला होता,
की नुसता ऐकला होता,
बुडत्या रानातून वर चढून आलेल्या कुणाकडून,
हे त्या मुलीला विचारायचं राहिलं.

आज अवसेची सुकती.
रुकय्या खडपावर उकिडवी बसून
कोयतीच्या चोचीनं कालवं फोडतेय.
एक ठोका, मनगटाला जरा वळण, की मांस मोकळं.
कुणी शिकवलं विचारलं तर म्हणते,
ह्यात शिकवायचं काय?

वहीत खुंटासमोरचा रकाना अजून कोरा.
याकूब म्हणतो, जाळ्याचं नुकसान लिही.
लिहिलं: साडेचार हजार.
मान वर केली तेव्हा पाणी
रुकय्याच्या घोट्यापर्यंत आलं होतं.
ती उठली नाही,
नुसती एक दगड वर सरकली.