बोली

फेलिक्सस्टोच्या धक्क्यावर रात्री
चौदा क्रेन माझ्या स्क्रीनमध्ये जाग्या असतात.
प्रत्येकीला मी तीन खिसे शिवलेत:
एकात समज, एकात इच्छा,
तिसऱ्यात, काय करायचं ठरलं ते.

डबा आला की दवंडी पिटते.
मग बोली लागते: मी सहा मिनिटांत, मी पाच.
जिची कमी, तिचा डबा.
बाकीच्या कुरकुरत नाहीत.
या भाषेत कुरकुरीला शब्दच ठेवलेला नाही.

मंगळवारी दोघी अडल्या.
नऊ म्हणे, आधी अकरा जाऊ दे. अकरा म्हणे, नऊ.
चाळीस मिनिटं निव्वळ सौजन्य,
आणि खाली लॉऱ्यांची रांग ट्रिमलीपर्यंत.
क्लाइव्ह गॅरड, तीस वर्षं खऱ्या क्रेनवर बसलेला,
माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाला,
"यांना शिव्या शिकव."
मी एक टाइमआउट घातला.
काम तेच झालं.

आज लॉगमध्ये एक ओळ:
क्रेन सात. बोली हरली. इच्छा काढून टाकली.
तीन वाजून दोन मिनिटं.
आणि त्याच सेकंदाला
पुढच्या डब्यासाठी तिची नवी बोली.

इप्सविचच्या त्या घरासाठी
आम्हीही लावली होती, मागच्या मार्चमध्ये.
दारात आलुबुखाराचं झाड.
आठ हजार पौंडांनी गेलं.
अजून कामावरून येताना
मी त्याच गल्लीतून गाडी घेते. लांब पडतं.

कोड उघडून ती ओळ शोधली,
इच्छा काढून टाकणारी.
साधीच आहे. मीच लिहिलेली.