कर्ता कोण

सक्करदऱ्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर माझा क्लास.
अठरा खुर्च्या, एक कूलर.
त्यातलं पाणी संपलं की वाळ्याचा वास थांबतो
आणि मुलं माना वर करतात.

त्या संध्याकाळी फळ्यावर मी लिहिलं : आउटग्रो.
रितेश उईकेनं विचारलं,
'सर, याले मराठीत काय म्हंतेत?'

खडू हातात घेऊन मी उभा.
मागे टाकणे. ओलांडणे. पुरून उरणे...
नाही, ते भांडणातलं.
एकेक शब्द अंगाला लावून पाहिला,
कुणाची बाही लांब, कुणाचा गळा तंग.

'शर्ट लहान झाला, म्हना ना सर,'
मागच्या रांगेतून पल्लवी ढोबळे.
सगळे हसले.

पण खरंच की.
आपल्याकडे मूल जागच्या जागी असतं
आणि वस्तू लहान होत जातात.
चप्पल आखूड होते, सायकल बुटकी होते,
मोरीचं दार डोक्याला लागायला लागतं.
तिकडे मुलगा कर्ता, शर्ट कर्म.
इकडे सगळा दोष शर्टाचा.
कुणी कुणाला सोडून गेलं
असं वाक्यात कुठंच दिसत नाही.
किती सभ्य भाषा, मला वाटलं,
किंवा किती लबाड.

घरी जाताना सिव्हिल लाइन्समधून गेलो.
तिथल्या एका कडुनिंबाला
कधीकाळी कुणीतरी लोखंडी पिंजरा घातला होता,
गुरांनी खाऊ नये म्हणून.
झाड वाढलं. पिंजरा काढायला कुणी आलं नाही.
आता सळ्या खोडात शिरल्यात,
सालीनं त्यांच्यावर ओठ मिटून घेतलेत,
बाहेर फक्त नंबराची पाटी, चारशे सतरा,
तीही अर्धी गिळलेली.
ह्याला कुठलं क्रियापद?

लहानपणी मी 'प'वर अडायचो.
धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, वयानं जाईल.
आईला तेवढा धीर नव्हता.
मारबतीच्या दिवशी जागनाथ बुधवारीत,
त्या चेंगराचेंगरीत, मला कडेवर घेऊन ती ओरडली,
'याचं तोतरं घेऊन जा वं मारबत!'
आजूबाजूच्या लोकांनीही आवाजात आवाज मिळवला.
मारबत नाईक तलावाकडे गेली, जळली.
'प' घरी परत आला.

मी इंग्रजीकडे वळलो त्याचं खरं कारण एवढंच,
तिथे पाण्याला 'प' लागत नव्हता.
आता पन्नाशी उलटली.
मुलांना उच्चार शिकवतो, फी घेतो.
फोनवर मोठा भाऊ असला
की अजून आत कुठंतरी सळई लागते.

सोमवारी वह्या तपासायला घेतल्या.
क्रियापद वापरून वाक्य करा.
बहुतेकांनी बूट लिहिले होते. पल्लवीनं सायकल.
एकानं माझा क्लास लिहून खोडला होता,
खोडूनही वाचता येत होता.

रितेशचं वाक्य चार ओळींचं,
स्पेलिंगच्या तीन चुका.
त्याच्या इंग्रजीचं मी मनात मराठी करत गेलो,
कर्ता त्याचाच ठेवून :
दहावीच्या शर्टात मी मावलो नाही.
तो आता आई घालते, साडीवर,
सिमेंट रोडच्या कामावर जाताना.
खिशावर शाळेचं नाव अजून आहे.
तिला तो बरोबर होतो.

स्पेलिंग सुधारलं.
कर्ता पाहिला, कर्म पाहिलं, काळ पाहिला.
खाली शेऱ्यासाठी रिकामी जागा होती.
लाल पेन उघडाच ठेवून
बराच वेळ कूलर ऐकत बसलो,
पाणी केव्हाच संपलेलं,
पंखा नुसता फिरत होता.