एक जून

आमच्या वर्गात सगळ्यांचा जन्म एक जूनचा.
माझा, सुबरावचा, रुक्सानाचा,
आणि आक्काताईचाही, जी माझ्यापेक्षा हातभर उंच होती
आणि चुलत्याच्या वरातीत मला कडेवर घेऊन नाचली होती.

मुल्ला गुरुजी विचारायचे, पोरगं कधीचं?
माझी आई म्हणाली, बाजरीच्या मळणीतलं.
सुबरावची म्हणाली, हिरीला पाणी लागलं
त्याच्या दुसऱ्या दिवशी.
गुरुजी पेनाचं टोपण दातात धरून
जरा वेळ बाहेर माळाकडं बघायचे
आणि लिहायचे, एक जून.

मेटकरी वस्तीची शाळा. एक खोली, चार इयत्ता,
चौदा पोरं, लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा.
एकेक इयत्ता एकेका भिंतीकडं तोंड करून बसायची.
दुसरीत असतानाच चौथीचे भागाकार
पाठीमागून ऐकून ऐकून पाठ झाले.
चौथीत गेलो तेव्हा
भिंत तेवढी बदलली.

महिन्याला तांदूळ यायचा, हजेरी भरली तर तीन किलो.
तराजू गुरुजींच्या हातात, पिशवीचं तोंड माझ्या.
काटा सरळ झाला की ते वरून एक मूठ टाकायचे.
म्हणायचे, वाटेत सांडतं.
कुणाचंच सांडत नव्हतं.

दहावीनंतर मामानं सेलमला नेलं, गलाईच्या दुकानात.
बावीस वर्षं झाली.
मूस, भट्टी, तेजाबाचा वास,
बोटांची कातडी पिवळी ती पिवळीच.
माझा काटा मिलीग्रॅमवर थांबतो.
रात्री दुकान झाडतो, ती धूळसुद्धा जपून ठेवतो,
धुळीत सोनं असतं.
वरून मूठ टाकायची सोय या धंद्यात नाही.
तमिळ बोलतो आता, हिशोब मात्र मराठीत करतो,
सातानं भागताना अजून
मागच्या भिंतीकडून कुणीतरी पुटपुटतं.

यंदा लेकीच्या दाखल्याला माझ्या शाळेचा उतारा लागला.
विट्याला उतरलो, वस्तीवर गेलो.
पट तीनवर आला म्हणून शाळा मिटली, असं कळलं.
खोलीत कुणाचा तरी कडबा.
रूळ लिंबाच्या खोडात निम्मा रुतलेला,
दगडानं वाजवून बघितला. आवाज बसलाय.

रजिस्टर केंद्रशाळेत होतं, लाल फडक्यात.
क्लार्कनं थुंकी लावून पानं उलटली.
नाव सापडलं. जन्म एक जून. खाली सगळे एक जून.
आणि शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीनं, बारीक,
मुल्ला गुरुजींचं अक्षर:
सुबरावसमोर, विहिरीचं पाणी.
रुक्सानासमोर, उरुसाच्या आदल्या रात्री.
माझ्यासमोर वाळवीचं भोक,
त्याच्या काठावर फक्त ‘बाज’.

आक्काताईच्या ओळीत शाळा सोडल्याची तारीख कोरी.
चौथीनंतर तिला घरी ठेवली,
दाखला न्यायला कुणी आलंच नव्हतं.
कागदावर ती अजून त्या खोलीत आहे,
पश्चिमेच्या भिंतीकडं तोंड करून.
चव्वेचाळीसची झाली असेल.
एक जूनला नाही, कधीतरी.

‘ह्ये पेन्सिलीचं पण घ्या की उताऱ्यात.’
क्लार्क हसला. ‘पेन्सिलीचं येत नसतंय, पाव्हणं.’
शिक्का मारला, वीस रुपये घेतले,
पावती दिली नाही.

एस्टीची वाट बघत स्टँडवरून सुबरावला फोन लावला.
तो बनारसला, त्याचंही गलाईचंच दुकान.
म्हटलं, तुझं हिरीचं खरं होतं गा. लिवून ठेवलंय गुरुजींनी.
तिकडं बराच वेळ नुसता भट्टीचा पंखा ऐकू आला.
मग म्हणाला,
आई एवढंच सांगायची.
पानी खारं लागलं हुतं,
ते तिनं गुरुजीस्नी सांगितलंच न्हवतं.